फोकस कोणावर?

गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर बुलडोझर फिरला. दुसऱ्या दिवशी लोक पुरावे घेऊन माझ्याकडे आले. पुरावे म्हणजे काय, तर फाटके रेशनकार्ड, दोन वीजबिले आणि एका कॉलेजच्या पोराने मोबाईलवर काढलेले दोन फोटो! पहिला त्याने अभिमानाने पुढे केला. "साहेब, बघा, काय शार्प आलाय!" रडणारी लहान मुलगी, गालावरचा ओघळही स्पष्ट. मागचे सारे मात्र धूसर. दुसरा फोटो दाखवायला तो कचरत होता. हात हललेला, कडा पसरलेल्या. परंतु त्यात दारावर रंगविलेला घरक्रमांक वाचता येत होता, उभी चौकट दिसत होती आणि मागे यंत्रही होते. मी दुसरा फोटो ठेवून घेतला. पोरगा चक्रावला.

मीही हौसेने फोटो काढतो. हौशी माणसाला पहिला रोग जडतो तो शार्पनेसचा. फोटो मोठा करून पापण्यांचे केस मोजायचे आणि लेन्सची किंमत सांगायची! पण शार्पनेस म्हणजे नेमके काय? फोकस योग्य अंतरावर हवा, कॅमेरा हलता कामा नये आणि जवळचे-लांबचे किती स्पष्ट दिसावे हे ठरलेले हवे. पहिल्या दोन गोष्टी सरावाने जमतात. तिसरी गोष्ट मात्र निर्णयाची आहे. कोण स्पष्ट दिसणार आणि कोण धूसर राहणार, हे लेन्स ठरवीत नाही. लेन्समागचा माणूस ठरवितो.

हा वाद जुना आहे. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांचे फोटो मऊ, किंचित धूसर असत. जाणकारांनी त्यांना नावे ठेवली. तेव्हा शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी विचारले, की योग्य फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे? हा प्रश्न केवळ कलेचा नाही. प्रमाण कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न आहे.

उलट १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी एफ/६४ नावाचा गट काढला. एफ/६४ म्हणजे लेन्सचे अगदी बारीक छिद्र. त्यातून पायाजवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापा यांनी काढलेले फोटो मात्र हललेले, दाणेदार आहेत. तरीही जगाने ते जपले, कारण ते त्या क्षणी तेथे होते.

आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ? शार्पनेस ही बूर्झ्वा कल्पना आहे, अशी त्यांनी उतारवयात केलेली थट्टा प्रसिद्ध आहे. ही थट्टा आम्हाला अर्धीच मान्य आहे. महागड्या लेन्सचा तोरा मिरविणाऱ्यांना ती जरूर लागू पडते. परंतु ज्याच्या नावावर सातबारा आहे, खरेदीखत आहे, त्याला धूसर फोटो परवडतो. ज्याच्याकडे दुसरा कागदच नाही, त्याच्यासाठी दारावरचा स्पष्ट आकडा ही चैन नव्हे, तो त्याच्या अस्तित्वाचा पुरावा आहे! म्हणून शार्पनेस नाकारू नका. तो कशावर खर्च करायचा, हे ठरवा.

त्या पोराचा दुसरा प्रश्न होता, "साहेब, ॲपमध्ये टाकून हा शार्प करून आणू का?" मी म्हणालो, "हातसुद्धा लावू नकोस." ॲप कडांमधला काळा-पांढरा फरक वाढविते, हरवलेला तपशील परत आणत नाही. आजची काही ॲप तर नसलेला तपशील अंदाजाने भरतात. म्हणजे खरा पुरावा आपणच संशयास्पद करायचा! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलची हॅश किंमत नोंदवावी लागते. फाईलमध्ये काडीचा बदल झाला, तरी ही किंमत बदलते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी एवढे करावे. लेन्स पुसून घ्या. कोपर बरगडीला टेकवा, श्वास रोखा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तो माणसामागचे घर पुसतो. एक फोटो लांबून, एक जवळून घ्या. पडद्यावर बोट आकड्यावर, पाटीवर ठेवा. मूळ फाईल जपा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठविलेला फोटो दाबला जाऊन बारीकसारीक तपशील गमावतो.

त्या वस्तीचे प्रकरण अजून चालू आहे. निकाल काय लागेल, हे मी सांगणार नाही. पण आपण आपल्या सभांचे फोटो एकदा काढून पाहावेत. व्यासपीठावरचे हार, खुर्च्या, पुढारी अगदी शार्प असतात. समोर उन्हात बसलेल्या माय-माऊल्या मात्र ठिपक्यांसारख्या दिसतात. ज्यांच्यासाठी सभा भरविली, तेच धूसर! दोष कॅमेऱ्याचा नाही. पुढच्या वेळी बटण दाबण्यापूर्वी स्वतःलाच विचारा, आपला फोकस कोणावर आहे?