एचआरची खुर्ची आणि सम्यक आजीविका

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. पेण तालुक्यात डोलवीला मोठा पोलाद प्रकल्प आहे. आपल्यापैकी कुणी अशा ठिकाणी एचआर विभागात लागला की घरी पेढे वाटतात. पण त्या खुर्चीवर मुलाखतीला कोण येणार, कोण कायम होणार आणि कोण कंत्राटावरच राहणार, हे ठरत असते. म्हणून सम्यक आजीविकेचा प्रश्न तिथे रोजच उभा राहतो.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगले खाद्य वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. आजच्या भाषेत हे कामाचे तास, पगार, ईएसआय, कॅन्टीन आणि रजाच आहेत.

पहिली कसोटी भरतीची. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांचा होता. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली. यावर उपाय अवघड नाही. अर्ज छाननीला देताना नाव, आडनाव आणि गाव झाका. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न काढून टाका.

दुसरी कसोटी कंत्राटी कामगारांची. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, नव्या श्रम संहितेतही ती आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती फक्त भिंतीवरच्या कागदावर आहे की खरोखर बसते, हे एचआरने पाहायचे असते.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड, कारण ती घरातूनच येते. ‘आपला पोरगा आहे, बघ ना काहीतरी.’ इथे नियम वाकवला, तर उद्या दुसऱ्याने त्याच्या जातीसाठी वाकवला तेव्हा बोलायला तोंड उरत नाही. पोराला जाहिरातीची माहिती द्या, अर्ज भरायला शिकवा, मुलाखतीची तयारी करून घ्या. निवड मात्र गुणांवरच होऊ द्या.

आणि वरिष्ठांनी खोट्या हजेरीवर किंवा लपवलेल्या अपघातावर सही मागितली तर? भांडण न करता हरकत लेखी नोंदवा, ईमेल जपून ठेवा, कायद्याचे कलम दाखवा. नोकरीची भीती खरी आहे, म्हणूनच एकटे राहू नका. अनुभवी सहकारी आणि कामगार कायद्याचा वकील यांच्या संपर्कात राहा.

१९२७ साली याच जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी समतेचा सत्याग्रह केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि कारखान्यातील आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. आठ तासांची पाळी संपवून कामगार घरी जातो, तेव्हा त्या हजेरीपत्रकामागे हा इतिहास असतो. ते हजेरीपत्रक आता आपल्या हातात आहे. ते खरे ठेवणे हेही धम्माचेच आचरण आहे.