मॉनिटरवरील अक्षरे धूसर का दिसतात?

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला की सारे मोठे व स्पष्ट दिसेल, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा उलटेच घडते. अक्षरे एकदम मोठी होतात, फार बारीक होतात किंवा धूसर दिसतात. मग कोणी दुकानदाराला दोष देतो, तर कोणी आपल्या चष्म्याला! उर्दू मजकुराचे तर फारच हाल होतात. 'ते'चे दोन नुक्ते आणि 'से'चे तीन नुक्ते एकमेकांत मिसळले, तर शब्द ओळखायचा कसा?

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. समजा, लॅपटॉप चौदा इंची आहे आणि मॉनिटर चोवीस इंची. दोन्हींवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके आहेत. संख्या सारखी, पण जागा कमीजास्त. लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १५७ ठिपके दाटीने बसतात; मॉनिटरवर सुमारे ९२. त्यामुळे तेच अक्षर लॅपटॉपवर फार लहान दिसते. ते वाचता यावे म्हणून लॅपटॉपवर अक्षरे बहुधा १२५ किंवा १५० टक्के मोठी करून दाखवतात. या प्रमाणाला 'स्केल' म्हणतात. अशा मॉनिटरला १०० टक्के पुरतात.

दोन पडद्यांना वेगवेगळे स्केल देण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ साली आली. तरीही काही जुने प्रोग्रॅम एकाच पडद्याच्या मापाने अक्षरे काढतात. त्यांची खिडकी दुसऱ्या पडद्यावर नेली, की विंडोज ते तयार चित्र ताणते किंवा आक्रसते. लहान फोटो ताणून मोठा करावा, तसे ते धूसर होते. अशा वेळी काम सेव्ह करून प्रोग्रॅम बंद करावा व पुन्हा उघडावा. तेवढ्याने भागले नाही, तर साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे.

अक्षरे मोठी व्हावीत म्हणून अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. हा उपाय चुकीचा आहे. पडद्यावरील ठिपके कायमचे ठरलेले असतात. कमी ठिपक्यांचे चित्र त्यांवर पसरले, की अक्षरांच्या कडा पुसट होतात. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' व मग 'डिस्प्ले' उघडा. प्रथम योग्य पडदा निवडा. रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा ठेवा आणि फक्त स्केल बदला.

दोन्ही पडद्यांचे रिझोल्यूशन वेगळे असेल, तर आणखी एक अडचण येते. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोघांवर एकच चित्र येते आणि एका पडद्याला आपले माप सोडावे लागते. विंडोजची कळ व 'पी' एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडले, की प्रत्येक पडदा आपापल्या मापाने चालतो.