बाळासाठी घरच्या पपईचा गर



बागेतली चांगली पपई आपण बाजारात पाठवतो. उरलेली पाहुण्यांना देतो. आणि घरातलं सात महिन्यांचं बाळ मात्र दुकानातल्या बिस्किटावर वाढतं. असं का व्हावं? घरचं फळ बाळाच्या तोंडी कसं लागेल, ते आज पाहू.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर अंगावरचे दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. पिकलेल्या पपईतून ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्व मिळते. ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांना हवे असते. ‘क’ जीवनसत्त्वामुळे नाचणी-डाळीतले लोह अंगी लागते. म्हणून गर जेवणाबरोबर द्यावा. पण नुसत्या फळावर मूल पोसत नाही, हे ध्यानात ठेवा. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व हे त्याचे खरे जेवण. गर त्याच्या जोडीला.

फळ कोणते घ्यावे?

झाडावरच पिवळे पट्टे धरलेले फळ तोडावे व दोन-तीन दिवस गवतात ठेवून पिकू द्यावे. कार्बाइड लावून पिकवलेले फळ बाळाला मुळीच देऊ नये. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि अशा रीतीने फळे पिकवून विकण्यास कायद्याने बंदी आहे.

दुसरी गोष्ट फवारणीची. औषध मारल्यावर किती दिवस फळ तोडू नये, ते डब्यावरच्या कागदावर छापलेले असते. तेवढे दिवस थांबावे. ‘धुतलं की झालं’ असं मानू नका. आंतरप्रवाही औषध सालीवर थांबत नाही, गरातही उतरते.

गर कसा करावा?

१. हात साबणाने धुवावेत. वाटी, चमचा, सुरी व स्टीलची गाळणी उकळत्या पाण्यातून काढावी.

२. पपई न चिरता आधी चोळून धुवावी. नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

३. साल व बिया काढून लालसर गर चमच्याने घोटावा आणि गाळणीतून दाबून काढावा.

४. पाणी घालू नये. फारच घट्ट वाटला तर आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी चमचाभर घालावे. गर चमच्यावरून ओघळता कामा नये.

५. साखर, मीठ नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सुरुवातीला एक-दोन चमचे पुरेत. बाळाला टेकवून बसवावे आणि वाटी-चमच्यानेच भरवावे, बाटलीने नको. नवे फळ एका वेळी एकच द्यावे व तीन दिवस पाहावे, म्हणजे काय सोसत नाही ते कळते. उष्टा गर ठेवून पुन्हा भरवू नये, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. जुलाब झाल्यास अंगावरचे दूध बंद करू नका. क्षारसंजीवनी द्या आणि आशाताईंना किंवा दवाखान्यात लगेच दाखवा.

केळे, आंबा, चिकू यांचाही गर असाच करता येतो. आंब्याचे धागे गाळून काढावेत. चिकूच्या बिया नीट पाहून काढाव्यात. सफरचंद उकडून घोटावे. अख्खे द्राक्ष किंवा डाळिंबाचे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

आता शेवटचं, पण महत्त्वाचं. घरात पाळणा हलणार असं कळलं, की परसात पपईची तीन-चार रोपं लावून टाका. एकच लावू नका, काही नर निघतात. बुडाशी पाणी साचू देऊ नका आणि शेतातली फवारणी उडून येणार नाही अशी जागा निवडा. पपई साधारण दहा-अकरा महिन्यांत तोडणीला येते. म्हणजे बाळ वरचं खायला लागेल, तेव्हा झाडावर त्याच्यासाठी फळ तयार असेल. त्या झाडाची फळं बाजारात पाठवू नका. ती बाळाची.