पडद्यावरचा बँड, यादीत पहिला

टोकियो : परदेशी माणसांवरून जपानमध्ये सध्या जेवढी चर्चा चालली आहे, तेवढी गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. ‘जपानी माणूस आधी’ अशी घोषणा देत उतरलेल्या सानसेइतो या पक्षाने तीत १४ जागा मिळवल्या. हा देश परक्यांकडे कसा पाहतो, हे समजून घ्यायचे तर निवडणुकीच्या भाषणांपेक्षा १९९६ सालचा एक पॉप अल्बम जास्त सांगून जातो, असे मला वाटते. अल्बमचे नाव ‘मोंताज’ आणि बँडचे नाव ‘येन टाउन बँड’. हा बँड मुळात एका सिनेमातला, पटकथेत जन्मलेला.

तो सिनेमा म्हणजे शुंजी इवाई यांचा ‘स्वॅलोटेल बटरफ्लाय’. येनचा भाव वधारलेला आहे आणि पैसा कमवायला जगभरातून लोक जपानमधल्या एका शहरात येऊन पडले आहेत. ते त्या शहराला येनटाउन म्हणतात आणि तिथले जपानी लोक त्याच नावाने या परक्यांना हिणवतात. शांघायहून आलेली ग्लिको देहविक्रय करून जगते. आई गेल्यावर रस्त्यावर आलेल्या एका पोरीला ती सांभाळते, तिला नाव देते. पात्रे जपानी, चिनी, इंग्रजी अशी सरमिसळ बोलतात. त्यांच्यात जपानमध्येच जन्मलेला एक गोरा तरुण आहे. त्याला जपानीखेरीज धड दुसरी भाषा येत नाही, तरी लोकांच्या लेखी तो परदेशीच.

एका मृत माणसाच्या पोटातून ध्वनिफीत निघते. तिच्यावर ‘माय वे’ हे गाणे आहे आणि त्याच फितीत दहा हजार येनच्या नोटेची चुंबकीय खूण दडलेली आहे. ती खूण हजाराच्या नोटांवर उतरवायची आणि सुटे देणाऱ्या यंत्रात त्या नोटा सरकवायच्या, की यंत्र त्यांना दहा हजारांच्या समजते. त्या पैशातून ग्लिकोचा सोबती फेइहोंग क्लब काढतो. तिथे ग्लिको गाऊ लागते, बँड जमतो, रेकॉर्ड कंपनीची माणसे येतात. त्यांना तिचा आवाज हवा आहे, पण तिचे चिनीपण नको. ती जपानी म्हणून बाजारात येते आणि फेइहोंगला तिच्यापासून दूर केले जाते. पुढे तो पोलिसांच्या ताब्यात मरतो.

ग्लिकोची भूमिका केली चारा या गायिकेने आणि संगीत दिले ताकेशी कोबायाशी यांनी. ‘मिस्टर चिल्ड्रन’ या लोकप्रिय बँडचे निर्माते म्हणून कोबायाशींचा तेव्हा दबदबा होता. सिंथेसायझरवरच्या नाचगाण्यांची चलती असताना ते न्यूयॉर्कजवळच्या वॉटरफ्रंट स्टुडिओत गेले आणि तिथल्या जुन्या यंत्रांवर हा अल्बम मुद्रित केला. त्यामुळे गिटार आणि ड्रम यांचा नाद थोडा खरखरीत, हाताला लागावा असा येतो. चाराचा आवाज कुजबुजल्यासारखा. वरच्या सुरात तो फाटेल की काय असे वाटते आणि फाटत नाही. ‘माय वे’ही तिने त्याच आवाजात गायले आहे. अल्बम सिनेमाशिवाय ऐकला तरी उभा राहतो, तो या नादामुळे.

गाणे आधी विकायचे आणि त्याच्या पाठीवर सिनेमा आणायचा, ही जपानी करमणूक धंद्याची जुनी रीत. शीर्षकगीताची सीडी जुलैमध्ये बाजारात आली, सिनेमा आणि अल्बम सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये ओरिकॉनच्या साप्ताहिक विक्री-यादीत सुट्या गाण्यांत आणि अल्बमांत, दोन्हीकडे एकाच वेळी येन टाउन बँड पहिला होता.

कल्पित कलाकाराला मनापासून आपले मानणे जपानी रसिकांना जड जात नाही. इवाई आणि कोबायाशी याच जोडीने २००१ मध्ये लिली शूशू ही गायिका पडद्यावर आणली आणि तिच्याही नावाने अल्बम निघाला. २००९ मध्ये ‘के-ऑन!’ या ॲनिमे मालिकेतल्या शाळकरी मुलींच्या बँडचा छोटा अल्बम ओरिकॉनच्या यादीत पहिला आला. खुद्द येन टाउन बँड २०१५ मध्ये निइगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी कला महोत्सवात मंचावर आला आणि पुढच्या वर्षी त्याचा दुसरा अल्बम निघाला.

पण ‘मोंताज’चे यश मला अस्वस्थ करते. स्थलांतरित बाईचे गाणे या देशाने डोक्यावर घेतले, ते एका जपानी गायिकेच्या तोंडून. सिनेमातल्या रेकॉर्ड कंपनीचा हिशेब खऱ्या बाजाराने जणू बरोबर ठरवला. यात चाराचा दोष नाही. तिने त्या भूमिकेत जीव ओतला आहे. प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे.

‘मोंताज’ आला तेव्हा जपानमध्ये नोंदणीकृत परदेशी नागरिक सुमारे १४ लाख होते. २०२४ अखेर ते ३७ लाखांच्या वर गेले आहेत. कारखाने, वृद्धाश्रम, रात्रभर उघडी असणारी दुकाने त्यांच्यावाचून चालत नाहीत. टोकियोच्या एदोगावा भागात आपली मराठी मंडळीही बरीच राहतात. मूळचे मराठीच असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या प्रभागसभेवर निवडून आले. त्यांना निवडून देणारे मतदार जपानी नागरिकच होते. म्हणजे दार बंद नाही, जड आहे.

इवाईंचा सिनेमा मिळाला तर जरूर पाहा, आणि ‘मोंताज’ त्यानंतर ऐका. नोकरीसाठी मुलाला किंवा मुलीला जपानला पाठवण्याच्या बेतात असाल, तर आधी पाहा. या देशाची शिस्त आणि स्वच्छता यांबद्दल तुम्हाला सगळे सांगतील. इथे परके असणे म्हणजे काय, हे त्या सिनेमाइतके स्पष्ट कुणी सांगणार नाही.