मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग : लवकर ओळख व वेळेवर उपचार
(विशेष संदर्भ : बोनकोडे परिसर, नवी मुंबई)

बीजसंज्ञा : मूत्रमार्ग संसर्ग, उन्हाळी, ई. कोलाय, प्रतिजैविक-प्रतिरोध, स्त्री-आरोग्य, प्रसाधनगृहे

प्रास्ताविक

लघवी करताना आग होऊ लागली, थेंब थेंब होऊ लागली की मराठी घरात 'उन्हाळी लागली' असे म्हटले जाते. या एका शब्दात निदानही आहे आणि उपचारही सुचवलेला आहे. अंगात उष्णता झाली, तेव्हा धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा किंवा वाळ्याचे पाणी घ्यावे आणि दोन दिवस वाट पाहावी, असा त्याचा अर्थ. हा शब्द सर्वस्वी चुकीचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. चैत्र-वैशाखात घाम अधिक जातो, पाणी कमी पडते, लघवी गडद व दाट होते आणि अशी दाट लघवी जंतूंवाचूनही झोंबते. शिवाय मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाणही उष्ण महिन्यांत वाढलेले अनेक देशांत आढळले आहे. अडचण एवढीच की, पाण्याने शमणारी जळजळ आणि जंतूंमुळे होणारी जळजळ या दोन भिन्न अवस्था एकाच शब्दात सामावल्या जातात. दुसऱ्या अवस्थेतील रुग्ण पहिलीचे उपाय करीत चार-पाच दिवस काढतो. प्रस्तुत लेखात या दोन अवस्थांतील भेद कसा ओळखावा, वैद्याकडे केव्हा जावे आणि औषधांच्या बाबतीत कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार केला आहे.

कोपरखैरणे नोडातील बोनकोडे हे मूळचे आगरी समाजाचे गावठाण. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, परिसरातील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या, १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गावठाणाभोवती सेक्टर उभे राहिले. आज येथे जुनी कुटुंबे, भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार आणि रोज ठाणे-वाशी-मुंबईकडे रेल्वेने जाणारा नोकरवर्ग एकत्र नांदतो. सकाळी घर सोडलेली स्त्री सायंकाळी परतेपर्यंत लघवीला कोठे जाते, किंबहुना जाते की नाही, हा प्रश्न अशा परिसरात आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

संसर्ग कसा होतो

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रनलिका अशी ही संस्था वरून खाली उतरत जाते. जंतू मात्र बहुधा खालून वर चढतात. समाजात आढळणाऱ्या साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंगी कारणीभूत असणारा जंतू म्हणजे एश्चेरिशिया कोलाय, अर्थात ई. कोलाय. हा आपल्या आतड्यातील नित्याचा रहिवासी आहे. तेथे तो निरुपद्रवी असतो. मूत्रनलिकेच्या मुखाशी पोहोचल्यावर त्याच्या काही जाती अंगावरील सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात व वाढू लागतात. स्त्रियांमध्ये मूत्रनलिकेची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असते व तिचे मुख गुदद्वाराच्या निकट असते. पुरुषांत ही लांबी सुमारे वीस सेंटिमीटर असते. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, त्याचे मूळ या शरीररचनेत आहे. यात अस्वच्छतेचा वा चारित्र्याचा काहीही संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. संकोचाचे मोठे कारण हा गैरसमजच असतो. विवाहानंतरच्या काळात, गरोदरपणात आणि रजोनिवृत्तीनंतर प्रमाण वाढते. मधुमेह, मूतखडा, पुरुषांत उतारवयातील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आणि रुग्णालयात घातलेली लघवीची नळी ही अन्य प्रमुख कारणे होत.

लघवी साचून राहणे जंतूंना अनुकूल असते. मूत्राशय नियमित रिकामा होणे हीच शरीराची पहिली संरक्षक योजना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. मूत्राचा वेग अडविल्यास बस्तिभागी वेदना, मूत्रकृच्छ्र व डोकेदुखी होते, असे त्यात नमूद आहे. जंतूंची कल्पना नसतानाही निरीक्षण किती नेमके होते, हे लक्षात यावे.

या संदर्भात अध्यापकवर्गाला जवळचा वाटेल असा एक अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शिक्षिकांच्या या पाहणीत सुमारे निम्म्या जणींनी, कामाच्या वेळी लघवीला जावे लागू नये म्हणून आपण मुद्दाम पाणी कमी पितो, असे सांगितले. अशा शिक्षिकांमध्ये मूत्रमार्ग संसर्गाची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. विशेष म्हणजे, दिवसातून किती वेळा लघवीला जाता येते याच्याशी थेट संबंध त्या पाहणीत दिसला नाही. संबंध दिसला तो पाणी तोडण्याशी. एका पाहणीवरून अंतिम निर्णय देता येत नाही, तरीही सलग तासिका घेणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष मनावर घ्यावा असा आहे. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीने त्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला. वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, त्यांच्यातील संसर्गाचे प्रसंग वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आले.

लक्षणे व त्यांचा अर्थ

मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गात लघवी करताना जळजळ होते, वारंवार आणि घाईने जावे लागते, प्रत्येक वेळी थोडीच होते, ओटीपोटात कळ येते आणि क्वचित लघवी गढूळ, उग्र वासाची वा लालसर दिसते. ताप बहुधा नसतो. जळजळ व वारंवारिता ही दोन लक्षणे एकत्र असून अंगावरून स्राव वा खाज नसेल, तर तरुण स्त्रीमध्ये शंभरापैकी सुमारे नव्वद प्रसंगी निदान बरोबर ठरते. उलट पांढरा स्राव व खाज असेल तर कारण योनिमार्गातील बुरशी वा अन्य संसर्ग असू शकते आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

'उन्हाळी' आणि संसर्ग यांतील फरक घरच्या घरी पुढीलप्रमाणे पाहता येईल. लघवी गडद पिवळी आहे, कमी वेळा होते व झोंबते. भरपूर पाणी घेतल्यावर काही तासांत ती फिकी झाली आणि आगही थांबली, तर पाण्याचीच उणीव होती असे समजावे. पाणी पिऊनही आग कायम राहिली, मूत्राशय रिकामा झाल्यावरही पुन्हा जाण्याची भावना होत राहिली, किंवा लघवीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

थंडी वाजून ताप येणे, बरगडीखाली पाठीच्या एका बाजूस दुखणे, मळमळ व उलटी या चिन्हांवरून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचे समजते. येथे वाट पाहण्यास वाव नाही. तेथून जंतू रक्तात शिरले तर रक्तदाब घसरणे, धाप, ग्लानी अशी जीवघेणी अवस्था उद्भवते. गरोदर स्त्री, पुरुष, लहान मूल, मधुमेही, मूतखड्याचा रुग्ण व एकच मूत्रपिंड असणारी व्यक्ती यांनी तर तापाचीही वाट पाहू नये. तान्ह्या मुलांत जळजळ सांगता येत नाही. कारण न सापडणारा ताप, दूध न पिणे, सतत चिडचिड एवढेच दिसते. वृद्धांच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले की लघवीच्या संसर्गावर बोट ठेवण्याची घाई केली जाते आणि अर्धांगवायू, रक्तातील साखर वा सोडियम यांकडे दुर्लक्ष होते.

'लवकर उपचार' याचा अर्थ तासाभरात प्रतिजैविक, असा मात्र करू नये. २०१५ मध्ये जर्मनीतील एका चाचणीत साध्या संसर्गाच्या स्त्रियांना प्रतिजैविकाऐवजी प्रथम केवळ वेदनाशामक दिले असता सुमारे दोन-तृतीयांश जणी प्रतिजैविकाविना बऱ्या झाल्या. तथापि त्या गटात लक्षणे अधिक काळ टिकली आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाचे प्रसंगही काहीसे अधिक घडले. म्हणजे शरीर पुष्कळदा स्वतः मार्ग काढते, पण कोणाला थांबविता येईल हे ठरविणे वैद्याचे काम आहे, औषधविक्रेत्याचे वा शेजारणीचे नव्हे.

तपासणी : नमुना आणि अहवाल

लघवीची साधी तपासणी व जंतूंची वाढ पाहणारी तपासणी, म्हणजे कल्चर, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्या साध्या प्रसंगी कल्चर आवश्यक असतेच असे नाही. संसर्ग पुन्हा झाला, ताप असला, गरोदरपण असले वा औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर ते करावे. नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. लघवीची पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसल्यास फ्रीजमध्ये ठेवावी. बोनकोड्याहून सकाळी नमुना घेऊन निघावे आणि कामावरून परतताना दुपारी तो द्यावा, असे केल्यास बाटलीतच जंतू वाढतात आणि अहवाल दिशाभूल करतो. मिलिलिटरमागे एक लाख जंतू ही परिचित मर्यादा एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातील कार्यातून आली. लक्षणे असतील तर त्याहून कमी संख्याही अर्थपूर्ण ठरते, हे आता मान्य झाले आहे.

येथे एक विषयांतर. आरोग्य शिबिरांतील तपासणीत कोणतीही तक्रार नसताना 'पस सेल्स ८ ते १०' असा अहवाल येतो आणि प्रतिजैविकांचा कोर्स घेतला जातो. लक्षणे नसताना लघवीत जंतू वा पूपेशी सापडणे हा बहुतांश लोकांत रोग नसतो आणि त्यावर उपचार केल्याने लाभ होत नाही. मधुमेही व वृद्धही याला अपवाद नाहीत. मोठा अपवाद गरोदर स्त्रीचा. तिच्या बाबतीत लक्षणे नसलेले जंतूही उपचाराविना राहिल्यास मूत्रपिंडाच्या संसर्गाचा धोका बराच वाढतो व बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची भीती असते. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच कल्चर करून घेणे हिताचे. महानगरपालिकेची नागरी आरोग्य केंद्रे व वाशी येथील सार्वजनिक रुग्णालय यांचा उपयोग या परिसरातील स्त्रियांनी त्यासाठी करावा.

औषधे व प्रतिरोध

मूत्राशयाच्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन तीन ग्रॅमची एकच मात्रा, हे आज प्रथम पसंतीचे पर्याय मानले जातात. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. इतके जुने औषध आजही भारतातील बहुतांश ई. कोलायवर चालते. ते लघवीत साठते, पण मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे ताप व पाठदुखी असताना ते उपयोगी नाही. आपल्याकडे मात्र दुकानातून सहज घेतली जातात ती सिफिक्झिम, ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वार्षिक अहवालांत रुग्णालयांतून आलेल्या ई. कोलायपैकी बहुसंख्य जंतू या गटांना दाद देत नसल्याचे दिसते. रुग्णालयातील चित्र समाजातील चित्रापेक्षा अधिक गडद असते हे खरे, पण दिशा तीच आहे. सिफिक्झिमचा समावेश शासनाने १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत केला. तिच्यानुसार चिठ्ठीशिवाय विक्री निषिद्ध असून विक्रेत्याने नोंदवही ठेवावयाची असते. नियम कागदावर स्पष्ट आहे, परंतु ग्राहकाने 'लघवीची गोळी द्या' म्हटले की काय घडते, ते वाचकांस ठाऊकच आहे.

लघवीचे गोड-आंबट सिरप आग कमी करते, जंतू मारीत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक प्रभावी असते, त्यामुळे ही दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून पाच दिवसांचा कोर्स सोडू नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवण्याची घरगुती काटकसर येथे महाग पडते. रजोनिवृत्तीनंतर वारंवार संसर्ग होत असेल तर योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेन मलम उपयुक्त ठरते. ही माहिती अनेक सुशिक्षित स्त्रियांपर्यंतही पोहोचलेली नाही.

प्रसाधनगृहांचा प्रश्न

पाणी अधिक प्या, हा उपदेश प्रसाधनगृह असेल तरच पाळता येतो. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही चळवळ सुरू झाली. पुरुषांना मुतारी विनामूल्य, स्त्रियांना मात्र पैसे, हा भेद तिने चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, स्वच्छ प्रसाधनगृहाचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कात येतो असे मानून, राज्यातील महानगरपालिकांना स्त्रियांसाठी रस्त्यालगत प्रसाधनगृहे उभारण्याची योजना समित्या नेमून आखण्यास सांगितले. नवी मुंबई २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. ही अभिमानाची बाब आहे. तथापि शहराचा क्रमांक आणि एखाद्या कार्यालयाच्या वा महाविद्यालयाच्या कोपऱ्यातील खोलीची कडी लागते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

महाविद्यालयांच्या हाती यातील बरेच आहे. विद्यार्थिनींच्या प्रसाधनगृहात कडी, पाणी, दिवा व झाकणाचा डबा असणे, ते परीक्षेच्या दिवशीही उघडे असणे, सलग तीन तासिकांच्या वेळापत्रकात दहा मिनिटांचा अवकाश ठेवणे, परीक्षागृहात लघवीला जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलीकडे संशयाने न पाहणे, या गोष्टींना वेगळे अनुदान लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे गाव निवडताना मुक्कामाच्या जागेची पाहणी होते, त्याच वेळी मुलींसाठी रात्री वापरता येईल असे शौचालय आहे का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहावे आणि शिबिराच्या औषधपेटीत प्रतिजैविकाऐवजी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा.