नोट ४ आणि नोट १३: मुनिरकाच्या गल्लीतून पाहिलेली सात वर्षे

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून असलेले मुनिरका हे ‘लाल डोऱ्या’तील, म्हणजे मराठी महसुली भाषेत गावठाणातील, जुने गाव असून १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ शेजारी असल्यामुळे त्याच्या अरुंद गल्ल्यांतील उंच, एकमेकींना खेटलेल्या इमारतींत देशभरातून आलेले विद्यार्थी भाड्याने राहतात. मोजक्या पैशांत महिना काढणाऱ्या अशा वस्तीत जुना फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा हा प्रश्न जाहिरातीतील आकड्यांवर सोडून चालत नाही, कारण नव्या फोनची किंमत म्हणजे कित्येकांच्या खोलीचे महिन्याचे भाडे असते. जानेवारी २०१७ मध्ये भारतात ९,९९९ रुपयांपासून विक्रीस आलेला रेडमी नोट ४ आणि जानेवारी २०२४ मध्ये १७,९९९ रुपयांपासून आलेला रेडमी नोट १३ ५जी हे आपापल्या काळातील मध्यम किमतीचे फोन शेजारी ठेवले, तर या प्रश्नाची उकल अधिक नेमकेपणाने होते.

नोट ४ मधील स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवलेली असून तिच्यात कॉर्टेक्स ए५३ जातीचे आठ ‘कोर’, म्हणजे स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारे गणनाविभाग, २ गिगाहर्ट्झ गतीने चालतात. नोट १३ मधील डायमेन्सिटी ६०८० ही ६ नॅनोमीटरची चिप असून तिच्यात ए७६ जातीचे दोन कोर २.४ गिगाहर्ट्झने आणि ए५५ जातीचे सहा कोर २ गिगाहर्ट्झने चालतात. २ आणि २.४ यांतील अंतर किरकोळ दिसते, पण खरा फरक त्या आकड्यात नाही. ए५३ आज्ञा आल्या त्याच क्रमाने पार पाडतो, त्यामुळे एक आज्ञा माहितीची वाट पाहत थांबली की तिच्यामागची सारी रांग खोळंबते. ए७६ मात्र अडलेली आज्ञा बाजूला ठेवून पुढची तयार आज्ञा आधी उरकतो आणि म्हणूनच तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक काम करतो. तरीही नव्या चिपमधील सहा कोर ए५३ च्याच वंशातले आहेत, हे विसरता कामा नये: निरोप पाठवणे, गाणी ऐकणे, पीडीएफ वाचणे अशी हलकी कामे दोन्ही फोन जवळपास सारख्याच जातीच्या कोरवर करतात.

मग जुना फोन रखडतो तो कशामुळे? याचे उत्तर प्रामुख्याने साठवणुकीत आहे. नोट ४ मधील ‘ईएमएमसी’ या प्रकारच्या साठवणुकीत एका वेळी वाचन तरी होते किंवा लेखन तरी, आणि जागा भरत आली की लेखन आणखी मंदावते. नोट १३ मधील ‘यूएफएस २.२’ मध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात. त्यात जुन्या फोनची रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, २ ते ४ जीबी आणि नव्याची किमान ६ जीबी असल्यामुळे जुन्या फोनवर एक ॲप उघडताना दुसरे बंद पडते आणि परत उघडताना ते त्याच संथ साठवणुकीतून पुन्हा आणावे लागते. हे दोन्ही भाग मुख्य पाटीवर झाळलेले असल्यामुळे गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात ते सहजी बदलून मिळत नाहीत, आणि जुन्या फोनची खरी मर्यादा हीच आहे.

बॅटरीचे तसे नाही. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-उतरली की तिची क्षमता ठळकपणे घटते आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात ही झीज आणखी वेगाने होते; परंतु नोट ४ ची ४,१०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी मागच्या धातूच्या झाकणाला जोडलेली बोटाच्या ठशाची नाजूक पट्टी सांभाळून झाकण उघडले की बदलता येते. नव्या फोनची ५,००० ची बॅटरी ३३ वॉटने भरते, जुन्याची १० वॉटने. पडद्याच्या बाबतीत मात्र नव्याचा १२० हर्ट्झचा ॲमोलेड डोळ्यांना कितीही सुखावह असला, तरी फुटला तर जुन्याच्या साध्या एलसीडीपेक्षा महाग पडतो. कॅमेऱ्यांची तुलना थोडक्यात आटोपता येते: नव्यातील १०८ मेगापिक्सेलचा संवेदक नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो आणि तो आकारानेही मोठा असल्यामुळे संध्याकाळच्या प्रकाशात जुन्या १३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो.

नेटवर्कचा मुद्दा मात्र मुनिरकासारख्या ठिकाणी वेगळा विचार मागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतूनच सुरू झालेली ५जी सेवा नोट ४ ला मिळूच शकत नाही. पण ५जीचा मोठा भार ज्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे त्या लहरी भिंतींतून कमी आत शिरतात, तर ८५० मेगाहर्ट्झवरील ४जी लहरी अधिक खोलवर पोचतात, आणि हा पट्टा जुन्या फोनलाही पकडता येतो. गच्चीवर दिसणारे अंतर तळमजल्याच्या आतल्या खोलीत बरेच कमी होते.

जुन्या फोनचा निर्णायक कमकुवतपणा हार्डवेअरच्या बाहेरचा आहे. अँड्रॉइड ६ घेऊन आलेला नोट ४ अधिकृतपणे अँड्रॉइड ७ वर थांबला आणि त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही बंद झाल्या, त्यामुळे बँकेच्या व्यवहारांसाठी तो वापरणे धोक्याचे ठरते. नवी बॅटरी घातलेला नोट ४ वाचनासाठी, गाण्यांसाठी आणि आपल्या इन्फ्रारेड दिव्याने खोलीतला टीव्ही चालवण्यासाठी आजही उत्तम आहे. यूपीआय आणि बँकेचे ॲप मात्र त्यावरून काढून टाकावे.