पाचवी चिमणी

दुर्गच्या पद्मनाभपुरातून स्टेशन गाठावे आणि नागपूरकडे जाणारी गाडी पकडावी. शिवनाथ नदीचा पूल मागे पडला की तासाभराच्या आत राजनांदगाव येते. याच राजनांदगावला १८९३ साली नागपूरहून एक मराठी कवी आगगाडीने निघाला होता. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. निरोप घेताना त्या अनोळखी माणसाने कवीच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि सांगितले, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल!

कवी होते नारायण वामन टिळक. पुस्तक वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

असे काय आहे त्या पानांत? तिथे देवाला ‘पिता’ म्हटले आहे, आणि हा पिता मुलांनी मागण्याआधीच त्यांना काय हवे ते जाणतो. हे ऐकायला गोड वाटते. पण चार पाने पुढे गेले, की येशू थेट बाजारात नेतो आणि चिमण्यांचा भाव सांगतो. त्या काळी गरीब लोक चिमण्या विकत घेऊन खात. मत्तय लिहितो, एका नाण्याला दोन चिमण्या. हे नाणे म्हणजे दिनाराचा सोळावा हिस्सा, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. रोज एक रुपया धरला, तर बरोबर एक आणा!

आता लूकचे शुभवर्तमान उघडा. तिथे भाव वेगळा आहे: दोन नाण्यांना पाच चिमण्या. हिशेब करून बघा. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार. मग पाचवी कुठून आली? भाजीवाली पिशवीत वर चार काड्या कोथिंबीर टाकते ना, तशी. पाचवी फुकट. विकणाऱ्याने तिची किंमत लावली नाही, घेणाऱ्याने ती मोजली नाही. आणि येशूचे म्हणणे असे, की यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे त्या पाचवीचाही.

लगेच पुढे तो म्हणतो, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास-शंभर गळतात. सकाळी फणी फिरवली की आकडा बदलला! तेव्हा ही दहा वर्षांतून एकदा होणारी शिरगणती नव्हे. आई तापलेल्या लेकराच्या कपाळावर पुन्हा पुन्हा हात ठेवते, त्या जातीची ही मोजणी आहे.

मराठीत ‘ओळख’ हा मोठा मजेदार शब्द आहे. कचेरीत काम अडले, की आपण विचारतो, “साहेबांशी कुणाची ओळख आहे का?” मी साहेबांना ओळखून उपयोग नसतो, साहेबांनी मला ओळखावे लागते. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच जागा येते. तुम्ही देवाला ओळखता, असे लिहून तो तिथल्या तिथे स्वतःला दुरुस्त करतो: नाही, देवच तुम्हाला ओळखतो. ख्रिस्ती श्रद्धेतले नवल या दुरुस्तीत आहे. शोध माणसाने लावायचा नाही. माणूस स्वतःच देवाला आधी सापडलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरिया रिकाम्या कबरेपाशी रडत उभी असते. समोरच्या येशूला ती माळी समजते. तो तिला फक्त नावाने हाक मारतो, आणि तेव्हा तिला तो ओळखू येतो. आधी हाक, मग ओळख.

मराठी मनाला हे परके वाटू नये. जनीबरोबर जात्यावर बसणारा देव आपण ऐकतच मोठे झालो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळकही सांगत.

पण कुणीतरी आपल्याला आतबाहेर ओळखते, याची धास्तीही वाटते. सावकाराची वहीही आपल्याला पुरती ओळखते! सगळे ठाऊक असून माया करणारे माणूस कसे असते, ते पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा संताप, विसराळूपणा, घरातले होते नव्हते ते देऊन टाकण्याची खोड, यातले काहीही त्यांनी झाकले नाही. तरी वाचताना टिळकांबद्दल जिव्हाळाच वाढत जातो. ख्रिस्ती माणूस देवाविषयी जे मानतो, त्याची ही घरगुती झलक म्हणावी: डोळे उघडे, आणि तरीही माया.

संध्याकाळी भाजी आणली, की पिशवीच्या तळाशी ती फुकटची कोथिंबीर सापडते. हिशेबात तिची नोंद नसते. वास मात्र सगळ्या घरभर तिचाच सुटतो.